बँकेचा पत्ता खरंच बदललाय, मग खोटा मेल ओळखायचा कसा?

राजेंद्रनगरकर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

मंडळी, लिहिणं जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचे बाबा ७४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सकाळी फिरणं, मग पोहे, मग पेपर, मग मेल, असा त्यांचा दिनक्रम. मेलही ते पेपरासारखाच वाचतात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत.

शुक्रवारी रात्री त्यांना बँकेचा मेल आला. विषय काय, तर ‘हयातीचा दाखला प्राप्त नाही, पेन्शन स्थगित’. आत बँकेचं बोधचिन्ह, खाली मुख्य कार्यालयाचा पत्ता, इतकंच काय ‘आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका’ ही सूचनासुद्धा. इंग्रजी एकदम चोख. म्हणे रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आमच्या संकेतस्थळाचा पत्ता बदलला आहे, तरी २४ तासांत नव्या पत्त्यावर खाते पुन्हा जोडावे, अन्यथा पेन्शन जमा होणार नाही.

आता वेळ कशी साधली आहे बघा. नोव्हेंबर म्हणजे दाखल्याचा महिना, आणि बाबांनी दाखला अजून दिलेला नव्हता. पत्ते बदलल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती, आणि ती खरीच आहे. वर शुक्रवारची रात्र, उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. शाखेत जाऊन विचारणार कोणाला?

बाबांनी बटण दाबलं. यूजर आयडी दिला, पासवर्ड दिला. पानाने ओटीपी मागितला, तो फोनवर आलाही. पण बाबांची ती टिंबापर्यंत वाचण्याची सवय! एसेमेसमध्ये लिहिलं होतं की हा ओटीपी नवीन लाभार्थी जोडण्यासाठी आहे, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे असं नवं खातं जोडण्यासाठी. आतल्या खोलीतून हाक आली, “अरे, माझ्या पेन्शनमध्ये हा लाभार्थी कोण घुसला?”

पुढची पाच मिनिटं घरात काय धावपळ झाली ते सांगत नाही. डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून नेट बँकिंग बंद करवलं, नंतर बँकेच्या ॲपमधून पासवर्ड बदलला. पैसे वाचले. शनिवारी सकाळी एक फोनही आला, “सर, दाखल्याचं काम अर्धवट राहिलंय, तो ओटीपी सांगता का?” म्हणजे मेल पाठवणारे नुसतं जाळं टाकून झोपत नाहीत, मागे माणूस बसलेला असतो.

माझा प्रश्न असा. इतकी वर्षं मी घरच्यांना सांगत आलो, पत्ता नेहमीचाच आहे ना तेवढं बघा. आता पत्ताच खरोखर बदलला. मग ७४ वर्षांच्या माणसाला सांगायचं काय?

मालवी मिरची
रात्री ९.५८

काकांना साष्टांग नमस्कार. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा ऐकून राहिले. आम्ही सहा आकडे बघतो आणि टाकून मोकळे.

निवृत्त रोखपाल
रात्री १०.३०

राजेंद्रनगरकर, आधी दाखल्याचं भूत उतरवतो, कारण मेलची सगळी ताकद त्या भीतीत होती. नोव्हेंबरात दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते हे खरं. पण थांबते, बुडत नाही. नंतर दाखला दिलात की मागची थकबाकी धरून पुन्हा सुरू होते. २४ तास वगैरे मुदत कुठल्याही नियमात नाही. केंद्राच्या पेन्शनरांत ज्यांनी ८० ओलांडली त्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

आणि दाखला द्यायच्या वाटा ठरलेल्या आहेत. शाखेत जाऊन सही करा, किंवा २०१४ पासून जी जीवन प्रमाण योजना आहे तिच्यात आधारवरून बोटाचा ठसा द्या, हल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही होतं. पोस्टमन घरी येऊनही करून देतो. जीवन प्रमाणात तुमचं बोट किंवा चेहरा लागतो, नेट बँकिंगचा पासवर्ड लागत नाही. तुम्ही हयात आहात हे पासवर्डावरून कसं कळणार? पासवर्ड तर मागे राहिलेल्यांनाही ठाऊक असतो. (काउंटरवर बसून ३४ वर्षं असली प्रकरणं पाहिली आहेत, ते किस्से पुन्हा कधीतरी.)

आता पत्त्याचं. ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी पतधोरणाच्या वेळी जाहीर केलं की भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा वेगळा पत्ता येणार. एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. हा पत्ता कोणालाही विकत मिळत नाही. त्याची नोंदणी फक्त आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापलेली हैदराबादची संस्था करते, आणि तीही फक्त बँकांसाठी. म्हणजे बदल झाला तो तुमच्या बाजूचा आहे. मुदत संपल्यावर आठवड्याभरात चोरांनी तोच निरोप म्हणून वापरला, ही त्यांची हुशारी.

शंकेखोर
रात्री १०.४४

मग सोपं आहे की. पत्त्यात ‘बँक.इन’ दिसलं की खरं, नाही तर खोटं. धागा बंद करा.

मेलवाला
रात्री ११.१५

शंकेखोर, थांबा जरा, ‘दिसलं’ या शब्दातच घात आहे. कुठे दिसलं? राजेंद्रनगरकरांनी मला तो पत्ता व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) पाठवला, बँकेचं नाव झाकून सांगतो:

अमुकबँक.बँक.इन.पेन्शन-सेवा.टॉप/दाखला

‘बँक.इन’ आहे की नाही? आहे. पण हा पत्ता ‘पेन्शन-सेवा.टॉप’ नावाच्या कोणा भलत्याचा आहे. डावीकडे तो हवं ते लिहू शकतो, त्याला विचारणारं कोणी नाही.

माझ्या आईला मी असं समजावलं. पत्राचं पाकीट आठव. वर ‘श्रीमंत होळकर सरकार, राजवाडा’ असं काहीही झोकात लिही, शेवटच्या ओळीत उज्जैन आणि तिथला पिन असेल तर पत्र उज्जैनलाच जाणार. वेबच्या पत्त्यातही गाव शेवटी असतं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची, आणि तिच्या लगेच आधी काय लिहिलंय ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. तिथे आधी ‘इन’, मग टिंब, मग ‘बँक’, मग टिंब, मग बँकेचं नाव यायला हवं. टिंबाच्या जागी आडवी रेघ चालत नाही. ‘अमुकबँक-बँक-इन.कॉम’ हा पत्ता कोणीही चार-आठशे रुपयांत घेऊन बसेल.

दुसरं म्हणजे ध चा मा. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं अशी कथा आपण शाळेपासून ऐकतो. इंग्रजीत तर खाडाखोडही करावी लागत नाही. आर आणि एन ही लहान अक्षरं शेजारी ठेवली की फोनच्या पडद्यावर एमच दिसतो. एलच्या जागी एकचा आकडा, ओच्या जागी शून्य. चष्मा लावूनही सुटतं, माझंही एकदा सुटलं होतं.

फोनवर लिंकवर बोट टेकवून दाबून धरलं तर खरा पत्ता वर येतो. पण खरं सांगू? हे सगळं आपल्यासारख्यांसाठी. काकांना मी पत्ता वाचायला सांगणार नाही. त्यांना इतकंच सांगा की मेलमधल्या बटणावरून बँकेत शिरायचंच नाही. मेल खरा असो की खोटा. फोनमधलं ॲप उघडायचं, किंवा पत्ता स्वतः टाइप करायचा. बँकेला खरंच काही हवं असेल तर आत गेल्यावर दिसेल.

शंकेखोर
रात्री ११.२१

बरं, मागे घेतो. पण कुलूप? पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र असलं की सुरक्षित, असं आम्हाला बँकेच्याच पत्रकात शिकवलं होतं.

मेलवाला
रात्री ११.३३

ते कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून समोरच्या सर्व्हरपर्यंतचं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाही. समोर कोण बसलंय ते सांगत नाही. चोराकडेही कुलूप असतं, फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज व्हायला लागला म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकलं.

आणखी एक. पाठवणाऱ्याचं नाव आणि पाठवणाऱ्याचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव ‘अमुक बँक पेन्शन विभाग’ असं कोणीही ठेवतं. नावावर बोट ठेवलं की मागचा पत्ता दिसतो. काकांच्या मेलमागे कुठल्याशा टाइल्सच्या दुकानाचा पत्ता निघाला. त्या बिचाऱ्याचं मेल खातं कोणीतरी फोडलं असणार.

संगणकावर जीमेल उघडत असाल तर तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ बघा. तिथे एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा तीन ओळी असतात, मेल खरंच त्या पत्त्यावरून आला का याच्या तपासण्या. बँकेच्या नावाखाली ‘फेल’ दिसलं तर सरळ कचऱ्यात. पण ‘पास’ दिसलं म्हणून हुरळू नका. पासचा अर्थ मेल ज्या पत्त्याचा म्हणतो तिथूनच आला. तो पत्ता चोराचा स्वतःचा असेल तर त्याचाही पासच येतो! टाइल्सवाल्याचा आला होता.

खडूस लेखापाल
मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

चूक सगळी ग्राहकांच्या माथी मारू नका. माझी स्वतःची बँक (नाव घेत नाही) मला दर आठवड्याला मेल पाठवते: कर्ज मंजूर झालंय, इथे दाबा. कार्डावरचे गुण संपत आलेत, आजच दाबा. त्या बटणामागचा पत्ता बँकेचा नसतोच, कुठल्या तरी जाहिरात कंपनीचा लांबलचक पत्ता असतो. एक हात म्हणतो अनोळखी लिंक दाबू नका, दुसरा हात लिंक पुढे करतो. घाई, भीती, बटण, हे सगळं शिकवलं कोणी आधी?

गेल्या वर्षी केवायसीचा एक मेल मी खोटा समजून उडवला. तो खरा निघाला आणि माझं खातं अडकलं. शाखेत गेलो तर वर मलाच सुनावलं, मेल बघत नाही का म्हणून.

निवृत्त रोखपाल
सकाळी ८.२५

लेखापाल साहेब, दुखणं खरं आहे, नाकारत नाही. जाहिरातीचा मेल आणि सेवेचा मेल एकाच तोंडवळ्याचे असतात, हे आमच्या काळातही खटकायचं.

पण केवायसीचं एक लक्षात ठेवा. ते ठरावीक काळानेच होतं. कमी जोखमीच्या ग्राहकाचं १० वर्षांनी, मध्यमचं ८, जास्तचं २. आपल्यासारखे पगारदार, पेन्शनर बहुतेक पहिल्या गटात. त्यामुळे दर सहा महिन्यांनी केवायसीचा मेल येत असेल तर शंका घ्यायला हरकत नाही. आणि मुदत खरंच आली असेल तर शाखेत कागद नेऊन देता येतो. पत्ता वगैरे काही बदललं नसेल तर नुसतं लिहून दिलेलं स्वयंघोषणापत्रही चालतं.

गराडूप्रेमी
सकाळी ९.०५

माझी खूण साधी होती: इंग्रजी अशुद्ध की मेल खोटा. राजेंद्रनगरकर म्हणतात एकही चूक नव्हती, म्हणजे ही खूणही गेली का?

अवांतर: आपल्या इंदूरच्या सराफ्यात गराडू (तळलेला कंद) आले. थंडी पडली अधिकृतपणे.

मेलवाला
सकाळी ९.४०

गेली. पूर्वी चूक सापडायची, आता यंत्राकडून कोणत्याही भाषेत बिनचूक मजकूर लिहून घेता येतो. मराठीतही. उलट बँकेच्या खऱ्या मराठी पत्रांतच जास्त चुका सापडतील.

पण चुकीने एकदा काय वाचवलं ते सांगण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून चोरांनी जवळपास १ अब्ज डॉलर काढायचा घाट घातला होता. सुरुवात कशी? वर्षभर आधी नोकरीच्या अर्जासारखे दिसणारे मेल बँकेच्या कर्मचाऱ्यांना गेले होते. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपीन्सला गेलेही. श्रीलंकेला निघालेले २ कोटी मात्र अडले, कारण ‘फाउंडेशन’ऐवजी कोणीतरी ‘फँडेशन’ लिहिलं आणि मधल्या बँकेतल्या माणसाला ते खटकलं. इथे शुद्धलेखनावरून भांडणाऱ्यांनी हे फ्रेम करून लावावं. (हलके घ्या.)

बडोद्याची सून
सकाळी ११.१०

मी सहसा वाचनमात्र असते, आज लिहिते.

माहेर इंदूरचं, लोकमान्य नगर, आता बडोद्याला दांडिया बाजारात. मार्चमध्ये माझे ४७ हजार गेले. मेल होता आयकर परताव्याचा, ‘बँक खातं पडताळा’ म्हणून. मेलमध्ये लिंक नव्हतीच, क्यूआर कोड होता. लिंक दाबायची नाही हे मला पाठ होतं, पण कोड स्कॅन करताना आपण लिंकच दाबतोय हे डोक्यातच आलं नाही. बाकी काकांसारखंच, फक्त मी एसेमेस वाचला नाही.

पैसे गेल्याचं कळल्यावर पहिले चाळीस मिनिटं मी रडण्यात आणि नवऱ्याला कसं सांगू या विचारात घालवली. ती चाळीस मिनिटं मला अजून बोचतात. मग शेजारच्या मुलाने १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावून दिला. त्यांनी विचारलं ते असं: कोणत्या खात्यातून, किती, किती वाजता, आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. तो एसेमेसमध्ये असतो, नाहीतर पासबुकाच्या ॲपमध्ये. तक्रारीचा क्रमांक मिळाला, मग सायबरक्राइम.गव्ह.इन या पोर्टलवर सविस्तर भरलं.

चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात. ही खाती चार-पाच हजारांसाठी कोणा गरजूने भाड्याने दिलेली असतात. १९३० वाले त्या त्या बँकांना कळवून जिथे पैसा सापडेल तिथे अडवून धरतात. माझे १९ हजार तिसऱ्या खात्यात अडवले गेले. ते कोर्टाच्या आदेशानंतर ऑगस्टमध्ये परत आले. उरलेले २८ हजार तोवर एटीएममधून निघून गेले होते.

सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. नवरा मात्र अजून बोलतो.

मालवी मिरची
सकाळी ११.१८

ताई, मोठं मन लागतं हे लिहायला. कोणी कळवत नाही ते याच लाजेपायी. आमच्या गल्लीत एका शिक्षकांचे गेले, घरात कोणाला दोन महिने पत्ता नव्हता.

निवृत्त रोखपाल
दुपारी १.००

सूनबाई, त्या चाळीस मिनिटांचं इतकं मनाला लावून घेऊ नका, लोक चार-चार दिवस बसून राहतात. पण वेळेवर कळवण्याचा कायदेशीर अर्थही आहे, म्हणून लिहितो.

६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. तुमचा काही दोष नसताना, म्हणजे ना तुमची चूक ना बँकेची, तिसऱ्याच ठिकाणी गळती होऊन पैसे गेले आणि तुम्ही ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर शून्य बोजा. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. साध्या बचत खात्याला ती १० हजार आहे. पण पासवर्ड-ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

म्हणून १९३० लावलात तरी बँकेला वेगळं कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तोंडी ‘हो साहेब, बघतो’ यावर सोडू नका. ३० दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८.

आणि शनिवारी सकाळी तो जो फोन आला, तो नंबर साधा दहा आकडी होता ना? बँकांनी ग्राहकांना सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असं या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलं आहे.

राजेंद्रनगरकर
दुपारी २.१५

हो काका, ९ ने सुरू होणारा साधा मोबाइल नंबर. १६०० चं माहीतच नव्हतं.

शंकेखोर
दुपारी २.४०

शेवटची शंका. पासवर्ड लक्षात ठेवणारं जे सॉफ्टवेअर असतं, ते वापरावं का? सगळी अंडी एका टोपलीत नाही का होत?

मेलवाला
दुपारी ३.०५

मी वापरतो, आणि त्याचा एक फायदा कोणी सांगत नाही. ते डोळ्यांनी बघत नाही. पत्ता अक्षरन् अक्षर जुळला तरच पासवर्ड भरून देतं, ध चा मा त्याच्यापुढे चालत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर थांबून पत्ता बघायचा. फक्त यंदा बँकांचे पत्ते बदलल्यामुळे खऱ्या संकेतस्थळावरही ते एकदा गोंधळतं. तेवढ्या वेळी पत्ता स्वतः टाइप करून नवी नोंद करून घ्या.

खडूस लेखापाल
दुपारी ३.२०

आमच्या वडिलांचं सॉफ्टवेअर म्हणजे २०११ ची डायरी. पासवर्ड ‘गणपती’ या पानावर आहे. चोराला आधी घर शोधावं लागेल.

राजेंद्रनगरकर
रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार. रोखपाल काका, आज बाबांना घेऊन शाखेत गेलो. नेट बँकिंग नव्या पासवर्डने सुरू झालं, दाखलाही तिथेच झाला, दहा मिनिटं लागली. मेलवाल्यांचं पाकिटाचं उदाहरण बाबांना इतकं आवडलं की येताना रिक्षात ते रिक्षावाल्याला समजावून सांगत होते.

पण आत्ता संध्याकाळी नवीनच प्रकार कळला. बाबांचा सकाळी फिरणाऱ्यांचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यांना सावध करायचं म्हणून बाबांनी दुपारी मेलमधला सगळा मजकूर जसाच्या तसा उचलून तिथे टाकला. वर लिहिलं, ‘हे बघा, असा मेल आल्यास सावध राहावे’. मजकुरासोबत ती लिंकही गेली, जिवंत. स्क्रीनशॉट घ्यायचा असतो हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. वरची ओळ वाचायला कोणाला वेळ आहे! एका काकांनी उघडून यूजर आयडी भरलासुद्धा, नशिबाने पासवर्ड आठवत नव्हता म्हणून बाबांनाच विचारायला फोन केला.

मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केलाय. तरी गटात ४१ जण आहेत, आणि बाबा यादी घेऊन एकेकाला फोन करून विचारतायत, उघडलं होतं का म्हणून. १७ झाले. बाकीचे जेवणानंतर.